नुस्खा, चिठ्ठी आणि मेडिकल

औषधाच्या चिठ्ठीला आमच्याकडची काही जुनी माणसे अजूनही नुस्खा म्हणतात. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नक्कल किंवा प्रत असा आहे. हाताने उतरून काढलेल्या ग्रंथाच्या प्रतीलाही नुस्खाच म्हणत. हकीमाने नाडी पाहून जे ठरवले त्याची रोग्याच्या हातात दिलेली प्रत, तिलाही तेच नाव मिळाले. प्रत ज्याच्या हातात असते तो तिचा धनी, असे आपण साधारणपणे मानतो. शेताचा सातबारा असो की निकाहनामा, आपली प्रत आपण जपून ठेवतो, ती वाचतो किंवा वाचून घेतो. औषधाची चिठ्ठी तेवढी याला अपवाद ठरली आहे. ती आपल्या खिशात असते, पण आपली नसते.

कोल्हापुरात कुठल्याही संध्याकाळी मेडिकलसमोर पाच मिनिटे उभे राहिले तर हे दिसते. एकाला सांगितले जाते, हे औषध इथे मिळायचे नाही, ज्या डॉक्टरांनी लिहिले त्यांच्या दवाखान्याखालच्या दुकानात जा. दुसऱ्याला विचारले जाते, 'ह्याच्यातलंच दुसरं देऊ का? चालतंय बघा.' चालते की नाही हे त्या बिचाऱ्याने कशावरून ठरवायचे? तिसऱ्याला पाचच गोळ्या हव्यात, तर कात्रीने पाकीट कापून मिळते. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. चौथीची चिठ्ठी तीन पोरे उलटसुलट करून पाहतात आणि शेवटी डॉक्टरांना फोन लावतात. ही रोजची कटकट आपण नशिबावर, डॉक्टरांच्या अक्षरावर नाहीतर काउंटरवरच्या पोरावर टाकून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की या कटकटीला इतिहास आहे. चिठ्ठी रोग्याच्या हातून टप्प्याटप्प्याने कशी सुटत गेली ते पाहिले, तर ती परत कशी मिळवायची हेही कळेल.

या इतिहासात मुसलमानांचा वाटा मोठा आहे. वैद्याने रोग पाहावा आणि औषध दुसऱ्या जाणकाराने द्यावे, ही विभागणी आठव्या-नवव्या शतकातल्या बगदादमध्ये ठळक झाली. औषधांची स्वतंत्र दुकाने तिथे निघाली. साबूर इब्न सहल या वैद्याने नवव्या शतकात औषधे बनवण्याच्या कृतींचा ग्रंथ लिहिला. अकराव्या शतकात अल-बिरूनीने 'किताब अल-सैदना' हा औषधींचा मोठा कोश रचला. एकाच औषधीला अरबी, ग्रीक, सुर्यानी, फारसी आणि हिंदी भाषांत काय म्हणतात, हे त्यात तो सांगतो. नावाची गफलत झाली की माणूस दगावतो, हे त्याला ठाऊक होते. १२६० मध्ये कैरोतल्या कोहेन अल-अत्तार या यहुदी औषधविक्याने आपल्या मुलासाठी 'मिन्हाज अल-दुक्कान' हे पुस्तक लिहिले. त्यातला दुक्कान म्हणजे आपलेच दुकान. काय साठवावे, किती दिवस टिकते, भेसळ कशी ओळखावी आणि धंद्यात नियत कशी राखावी, असा तो बापाचा उपदेश आहे. यहुदी अत्ताराने अरबीत लिहिलेले हे पुस्तक मुसलमान अत्तारांनी शतकानुशतके वापरले.

याच काळातली एक गोष्ट तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिया याने नोंदवली आहे. खलीफा मुअतसिमचा सेनापती अफशीन याच्या छावणीत औषधविके बरेच होते. त्यांतले खरे किती, असा प्रश्न पडला. तेव्हा औषधांची नसलेली अशी विसेक नावे कागदावर लिहून माणसे त्यांच्याकडे पाठवण्यात आली. काही म्हणाले, ही औषधे आम्हांला माहीत नाहीत. काहींनी पैसे घेतले आणि दुकानातले काहीतरी बांधून दिले. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना परवाने मिळाले, बाकीच्यांना छावणीतून घालवून दिले. औषधविक्याची पहिली परीक्षा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणण्याची होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाराव्या शतकात शैझरी याने बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यातही शरबत करणारे आणि अत्तार यांच्यावर नजर कशी ठेवावी यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. हे नियंत्रण समाजाला तेव्हापासूनच गरजेचे वाटत होते.

ही परंपरा दख्खनेत आली ती राजदरबारांबरोबर. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता हा अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बुर्‍हाण निजामशहावर उपचार करी. तिथल्या हकीमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधींची नावे वेगवेगळ्या भाषांत दिलेली आहेत. इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला मुहम्मद कासिम फरिश्ता १५८९ मध्ये अहमदनगरहून विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या पदरी आला. आयुर्वेदातले ज्ञान फारसी जाणणाऱ्यांना कळावे म्हणून त्याने 'दस्तूर अल-अतिब्बा' लिहिले. पन्हाळ्यासह आपला हा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच होता. हकीम आणि वैद्य यांच्यात स्पर्धा असेल, पण हळद, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध यांची नावे दोघांना समजत होती. मराठीत दवा, दवाखाना, इलाज, अर्क, मलम, मुरंबा, सुरमा, शरबत हे शब्द याच वाटेने आले. जुलाब हा शब्दसुद्धा मूळचा गुल-आब, म्हणजे गुलाबपाणी, आहे हे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल.

दरबार गेले, पण अत्तार राहिले. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात अत्तार हे आडनाव आजही गावोगाव आढळते. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार यांच्यासारखीच ही हुन्नरावर जगणारी जात. अत्तर, उदबत्ती, सुरमा, दातवण याबरोबर औषधी मुळ्या-पाल्याही अत्तार विकत. 'अत्तार' या शब्दातच सुगंध विकणारा आणि औषध विकणारा असे दोन्ही अर्थ आहेत. फारसीतला थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याचे टोपणनावही त्याच्या या धंद्यावरून पडले.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. हकीमाचा नुस्खा पुष्कळदा शिकस्ता लिपीत असे. शिकस्ता म्हणजे मोडकी; हात न उचलता लिहिलेली ती अक्षरे सामान्य माणसाला लागत नसत. आपल्या मोडीचीही तीच गत होती. काही नुस्खे घराण्याबाहेर जाऊ दिले जात नसत आणि त्या गुप्ततेत ज्ञान आटून गेले. भेसळही होती. मात्र एक गोष्ट होती. नुस्ख्यात लिहिलेली नावे वस्तूंची होती. गुलबनफ्शा म्हणजे गुलबनफ्शा. तो या अत्ताराकडे नसला तर पलीकडच्या अत्ताराकडे मागता येई. अक्षर वाईट असले तरी एकदा कोणी वाचून दाखवले की औषध कुठेही मिळे. चिठ्ठी एका दुकानाला बांधलेली नव्हती.

इंग्रजी वैद्यक कोल्हापुरात रुजले ते संस्थानच्या दवाखान्यांतून. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ मधल्या भारतभेटीचे स्मारक म्हणून इथे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभे राहिले. त्याची इमारत १८८० च्या दशकात पुरी झाली. नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकार मेजर मँट यांनीच तिचाही आराखडा केला होता. पुढे त्याचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले आणि आज सगळा जिल्हा त्याला सीपीआर म्हणतो. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगपासून ते हाकेच्या अंतरावर आहे.

नव्या दवाखान्यात अत्ताराची जागा कंपाउंडरने घेतली. रोगी घरून रिकामी बाटली घेऊन येई. कंपाउंडर मोठ्या बरण्यांतले मिश्रण त्यात ओते आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर बाईलाही ती पट्टी वाचता येई. चिठ्ठीची भाषा मात्र बदलली. डॉक्टर लॅटिनमधली आद्याक्षरे लिहू लागले: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडल्यास. ही आद्याक्षरे आजही चालू आहेत. फारसी शिकस्ता गेली आणि लॅटिन शिकस्ता आली, असे म्हटले तरी चालेल.

हकीम-वैद्यांना याच काळात कायद्याने बाजूला सारले. मुंबई इलाख्यात १९१२ च्या वैद्यकीय नोंदणी कायद्याने नोंदणीचा मान फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना दिला. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी युनानी आणि आयुर्वेद या दोन्हींच्या वतीने अशा धोरणाविरुद्ध देशभर चळवळ केली. १९३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हकीम-वैद्यांच्या नोंदणीची सोय झाली, पण तोवर पंचवीस वर्षे गेली होती. अत्ताराला कोणीच विचारले नाही. तो औषध देणारा होता की सुगंध विकणारा, हा प्रश्न सरकारी कागदात सुगंधाच्या बाजूने सुटला. एका समाजाचे पिढीजात कसब असे न बोलता मोडीत निघाले.

औषध विकण्यावर त्या वेळी बंधन असे नव्हतेच. बाहेरच्या देशांतला निकस माल आणि इथली भेसळ यांवर ओरड झाल्याने सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३०-३१ मध्ये तिने चौकशी करून औषधांसाठी आणि औषधविक्यांसाठी कायदे हवेत असे सांगितले. त्यातून १९४० चा औषध कायदा आला, १९४५ चे नियम आले आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबई राज्याची कायदेव्यवस्था इथे आली. आजही मेडिकलचा कारभार मुख्यतः याच तीन दस्तऐवजांवर चालतो.

त्यांतल्या दोन तरतुदी प्रत्येक रोग्याने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे. दुसरी, चिठ्ठी लेखी हवी. तिच्यावर डॉक्टरांची सही, तारीख, रोग्याचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण आणि मात्रा हवी. शैझरीच्या मुहतसिबला हे वाचून आनंद झाला असता. कायद्यात दोष फारसा नाही. गोची पुढेच झाली.

गोची झाली ती नावात. स्वातंत्र्यानंतर बाटलीतले मिश्रण मागे पडले आणि कारखान्यात तयार झालेली गोळी आली. एकाच औषधाची गोळी अनेक कंपन्या काढू लागल्या आणि प्रत्येकीने तिला आपले वेगळे नाव ठेवले. डॉक्टर वस्तूचे नाव सोडून कंपनीचे नाव लिहू लागले. बिरूनीने एका औषधाची पाच भाषांतली नावे जुळवून दाखवली होती. इथे एका औषधाची एकाच भाषेत पन्नास नावे झाली आणि जुळवणारा कोणी राहिला नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्ये ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत असे सुचवले. सरकारने पुढे फक्त पाच औषधांपुरते पाऊल उचलले. तेही कंपन्यांच्या दाव्यांमुळे न्यायालयात अडकले.

त्यात औषध नियमांतल्या पासष्टाव्या नियमाची एक कलमजोड आहे. अनुसूची एच आणि एक्स मधली औषधे लिहिली असतील तर लिहिलेल्याऐवजी दुसरे काहीही द्यायचे नाही, त्यात तोच घटक असला तरी. हेतू चांगला होता: दुकानदाराने मनमानी करू नये. पण डॉक्टरांनी ब्रँड लिहिल्यावर याच नियमाने रोगी त्या ब्रँडला बांधला जातो. 'ह्याच्यातलंच दुसरं' देणारा मेडिकलवाला पुष्कळदा रोग्याची अडचण सोडवत असतो आणि त्याच वेळी नियम मोडत असतो. शेकडो कंपन्यांचे सगळे ब्रँड ठेवणे कोणत्याच दुकानाला परवडत नाही. म्हणून जवळचे डॉक्टर जे लिहितात तेच दुकानात ठेवले जाते. बिंदू चौकात लिहिलेली चिठ्ठी राजारामपुरीत चालत नाही, त्याचे कारण हे आहे.

किमतीचीही हीच कथा. १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधांवर भाववाढीचे नियंत्रण होते. १९८७ मध्ये ती संख्या १४२ झाली आणि १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांची यादी धरून ती पुन्हा साडेतीनशेच्या आसपास गेली. चिठ्ठीत नाव कोणते, यावर गोरगरिबाची रोजी किती जाणार हे ठरत राहिले.

इथे एका नावाचा उल्लेख करायलाच हवा. अलीगढला जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला ही कंपनी काढली. १९३९ मध्ये गांधीजी ती पाहायला आले होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवरचे पेटंट काढून टाकले आणि भारतीय कंपन्यांना स्वस्त औषधे करता आली. हमीद यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होती. आफ्रिकेतल्या लक्षावधी रोग्यांना जीवदान मिळण्याची वाट त्यातून उघडली. औषध स्वस्तात तयार करणे आपल्याला जमते, हे यावरून सिद्ध झाले. तयार झालेले औषध चिठ्ठीतून रोग्यापर्यंत सरळ पोहोचवणे मात्र जमलेले नाही.

यात जिवाचा प्रश्न कसा येतो, त्याचे एक उदाहरण देतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध चाचींना रक्तदाबासाठी एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती. पुढे दुसऱ्या आजारासाठी त्या दुसरीकडे दाखल झाल्या. घरी येताना तिथल्या चिठ्ठीवर रक्तदाबाची आणखी एक गोळी होती. नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे. दोन्ही गोळ्या त्या महिनाभर इमानाने घेत राहिल्या. पाय सुजले, उठताना चक्कर येऊ लागली. घरच्यांनी वयाला दोष दिला. एकदा नेहमीच्या मेडिकलमध्ये गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून त्यांचा नातू लांबच्या दुकानात गेला. तिथल्या फार्मासिस्टने दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली आणि म्हणाला, 'बेटा, हे दोन्ही ॲम्लोडिपिनच आहे. चाची दुप्पट डोस घेतायत. आजच डॉक्टरांना विचार.' डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि सूज उतरली. दोन डॉक्टरांनी आपापल्या जागी चूक केली नव्हती. चिठ्ठीवर वस्तूचे नाव असते तर नातवालाच ते दिसले असते. ते नव्हते, तरी काउंटरवर जाणकार माणूस हजर होता, म्हणून निभावले.

हा जाणकार माणूस हजर असतो का, हा पुढचा प्रश्न. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडे, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे. २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असलेले महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट असलाच पाहिजे आणि चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये, असा आग्रह धरला. तेव्हा औषधविक्रेत्यांनी त्याला जोरदार विरोध केला. आमच्या मते झगडे यांचा आग्रह बरोबर होता. याच राज्यात १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचा ढिसाळपणा उघड केला होता. आळस कुठे नेतो ते आपण पाहिलेले आहे.

विक्रेत्यांची बाजूही ऐकायला हवी. छोट्या दुकानाला ठरलेल्या नफ्यात पूर्ण वेळचा फार्मासिस्ट ठेवणे जड जाते. ऑनलाइन विक्रीच्या विरोधात त्यांनी ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर बंद पाळला, त्यामागे पोट जाण्याची भीती होती. पण त्यांना आम्ही एवढेच म्हणू की ऑनलाइन दुकानाकडे नसलेली एकच गोष्ट तुमच्याकडे आहे. दोन पाकिटे शेजारी ठेवून 'बेटा' म्हणणारा माणूस हीच ती. २०१५ च्या फार्मसी व्यवहार नियमांनी रोग्याला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे कामच ठरवले आहे. तेच काम सोडून दिले तर दुकान आणि गोदाम यांत फरक उरणार नाही.

सरकारी दवाखान्यात वेगळी चिठ्ठी असते. तिचे नाव 'बाहेरून आणा'. औषध आतल्या खिडकीवर फुकट मिळायला हवे, पण साठा नसतो म्हणून नातेवाईक कागद घेऊन रस्त्यावर येतो. राज्याच्या औषधखरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिनकडे एकवटले. त्यात दिरंगाई झाली. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण मोफत उपचाराची खरी कसोटी केसपेपरवर लागत नाही, ती बाहेरच्या मेडिकलमधल्या बिलावर लागते. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरची चिठ्ठी घेऊन महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरले, ते आपण विसरलेलो नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर घराबरोबर चिठ्ठ्याही भिजल्या. छावणीतल्या माणसाला आपण रोज घेतो त्या गोळीचे नाव सांगता येत नव्हते. 'पांढरी बारीक गोळी, सकाळची' एवढेच त्याला माहीत होते. ज्या कागदावरचे आपल्याला वाचता येत नाही, तो हरवला की काहीच उरत नाही.

सुधारणेचे शब्द कागदावर पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असा नियम केला. २०१८ पासून पाकिटावर मूळ नाव ब्रँडपेक्षा ठळक छापण्याची तरतूद आली. पण पाकीट कात्रीने कापल्यावर ती तरतूद तुकड्यात राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावच लिहिण्याची सक्ती केली. स्वस्त औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार, असे म्हणून डॉक्टरांनी विरोध केला. महिना संपायच्या आत ते नियम स्थगित झाले. डॉक्टरांचा प्रश्न खोटा नाही. दर्जा तपासणारी यंत्रणा मजबूत करणे हे सरकारचे काम आहे आणि ते न करता नुसती सक्ती करणे अर्धवट आहे. पण दर्जाच्या शंकेने वाईट अक्षराचे समर्थन कसे होते, हे आम्हांला कळत नाही. २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येणारी चिठ्ठी हा नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला.

कोल्हापूरला हा विचार नवा वाटू नये. १९०६ मध्ये इथे मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. पवित्र कुराणाचे मराठीत भाषांतर व्हावे म्हणून त्यांनी दरबारातून पैसे दिले. जे माणसाच्या आयुष्याशी जोडलेले आहे ते त्याला स्वतःच्या भाषेत कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. आम्ही मराठीत लिहिणारी मुसलमान मंडळी त्याच विचारावर उभी आहोत. मग आपल्या आईच्या गोळ्या कधी घ्यायच्या हे मराठीत का लिहून मिळू नये?

२०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीतून ३६ लाख रुपये उभे करून तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग दिला. ईदच्या खर्चाला कात्री लावून हे झाले. पैशाने काय करता येते ते त्यातून दिसले. चिठ्ठीसाठी पैसाही लागत नाही. मशिदीच्या पारावर, बचतगटात, तालमीत एवढे सांगितले तरी पुरे: डॉक्टरांना म्हणा, औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि वेळ मराठीत लिहा. मेडिकलमध्ये विचारा, फार्मासिस्ट कोण आहेत? पाकीट कापून देत असतील तर नाव आणि तारीख पिशवीवर लिहून घ्या. बिल मागा. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकत्र दाखवा. चालू गोळ्यांची मूळ नावे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून एका कागदावर उतरवून घ्या आणि त्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

असा कागद म्हणजेच नुस्खा. तो मागायला लाजू नये.